आधी बसू तर द्या

नौबादच्या एका निवृत्त गुरुजींना बीपीची गोळी सुरू झाल्याचं दुःख नाही. सल आहे तो १६२ या आकड्याचा. तो आपला नव्हताच, असं ते अजूनही तावातावाने सांगतात.

भालकी तालुक्यात मराठी शाळेवर नोकरी, निवृत्तीनंतर नौबादला घर, आई पक्षाघाताने गेलेली. म्हणून एकदा बीपी बघून घ्यावं, एवढंच मनात होतं. ऑटो मिळेना, तेव्हा बिदरमधल्या दवाखान्यापर्यंत ते उन्हातून तरातरा चालत गेले. वर दोन मजल्यांचा जिना. पोहोचले आणि नेमका लगेच नंबर लागला. बसायला पाठ नसलेलं स्टूल, पाय अधांतरी, हात लोंबकळता. पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळला आणि तो फुगत असतानाच नाव, गाव, वय विचारणं सुरू. "जरा दम घेऊ द्या की," गुरुजी म्हणाले. "बीपी जास्ती अद," एवढंच उत्तर आलं. १६२/९८. चिठ्ठीवर गोळी.

इथे गुरुजींची बाजू घ्यावीच लागते. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, उघडा दंड छातीच्या पातळीवर ठेवायचा, आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, चालणं काही नाही, आणि एका मापावर निकाल द्यायचा नाही, हा साधा नियम आहे. जिना चढताना अॅड्रेनालिन आणि नॉरअॅड्रेनालिन रक्तात उतरतात, हृदय जोराने रक्त ढकलतं, वरचा आकडा चढतो. तो चढायलाच हवा. कॅनडात १९८५ साली वजन उचलणाऱ्या पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून दाब मोजला होता. पायांनी वजन रेटताना एकाचा दाब क्षणभर ४८०/३५० च्याही वर गेला. त्याला कुणी तेवढ्यावरून रक्तदाबाचा रोगी ठरवलं नाही.

गुरुजींनी चिडून मशीनच विकत आणलं. घरी सकाळ-संध्याकाळ शांत बसून मोजलं, वहीत लिहिलं, तर वरचा आकडा १४० ते १४८ मध्ये फिरू लागला. म्हणजे १६२ खोटा, पण बीपी खरं! याचा राग त्यांना जास्त आला. दुसऱ्या डॉक्टरांनी वही नीट पाहिली, टेल्मिसार्टनची तीच गोळी चालू ठेवली आणि रोज चाला म्हणून सांगितलं.

ही गोळी काय करते, हे त्यांनी खोदून विचारलं. मूत्रपिंडातून रेनिन सुटतं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉनकरवी मीठपाणी अंगात धरून ठेवायला लावतं. गोळी अँजिओटेन्सिनची वाट अडवते. रेनिन सापडलं ते १८९८ मध्ये, स्टॉकहोममध्ये, सशाच्या मूत्रपिंडात. गंमत म्हणजे चालताना हेच रेनिन वाढतं, पण चालण्याचा सराव टिकला की विश्रांतीतलं प्रमाण खाली येतं. बेल्जियमच्या कॉर्नेलिसन आणि फॅगार्ड यांनी २००५ साली अनेक प्रयोगांची एकत्र मोजदाद केली. त्यात नॉरअॅड्रेनालिन सरासरी २९ टक्के, तर रेनिनची क्रिया २० टक्के घटलेली दिसली. शिवाय एकदा चालून आलं की दाब पुढे कित्येक तास थोडा उतरलेला राहतो.

तर गुरुजी निघाले. उजाडताच, नौबादच्या बहामनी काळातल्या कारेझच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाणीवाटेच्या बाजूने. गावात तिला सुरंग बावी म्हणतात. जांभ्या दगडातून खाली उतरलेल्या तिच्या विहिरी मोजत चालायची त्यांना सवय लागली. वाटेत भेटेल त्याला "बीपी बघायच्या आधी पाच मिनिटं बसा" हा उपदेश फुकट. स्वतः मात्र जरा डोकं जड झालं की मशीन काढतात, एकदा जास्त दिसलं की धास्तीने पुन्हा मोजतात, आणि धास्तीने आकडा आणखी चढतो.

आता त्यांनी नवं खूळ घेतलंय. २०२३ मध्ये २७० प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात भिंतीला पाठ लावून हवेतल्या खुर्चीत बसल्यासारखं थांबणं, यासारखे स्थिर व्यायाम चालण्यापेक्षाही सरस ठरले. वरचा दाब सरासरी ८ने उतरला, चालणं-धावणं वगैरेंनी साडेचारने. श्वास मात्र रोखायचा नाही. गुरुजी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून तसेच हवेत बसतात, गुडघे थरथरतात, आणि बायकोला फोडणीसाठी त्यांना वळसा घालून जावं लागतं.