आजीच्या ओव्या आणि खराब सेक्टर

रात्र बरीच झाली आहे, पण कॉम्प्युटर बंद करायचा धीर होत नाही. बाबांच्या जुन्या हार्ड डिस्कवरून डेटा निघतोय, अगदी थेंब थेंब. हल्ली एकेक फोल्डर उघडताना ती ताटकळत ठेवायची. डिस्कच्या तब्येतीच्या ‘स्मार्ट’ अहवालात ‘पेंडिंग सेक्टर’चा आकडा वाढत चालला होता. म्हणजे तबकडीवरच्या काही जागा वाचता येईनाशा झाल्या होत्या.

अशा वेळी हात शिवशिवतात. चेकडिस्क चालवून दुरुस्ती करून टाकू, असं वाटतं. पण अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला दुरुस्तीचे कष्ट द्यायचे नसतात; आधी तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम तेच करतो. सुखासुखी मिळतं ते आधी उचलतो, अडलेलं सोडून पुढे जातो आणि मग त्या जागांशी झटापट करतो. सगळ्याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतो. वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू.

त्या डिस्कवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. मधूनच तिचा खोकला, मागे कुकरची शिट्टी. आता आजी नाही, जातंही नाही. उरलंय ते मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या भरवशावर.

डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली, तर मात्र घरगुती प्रयोग नकोत. फ्रीझरमध्ये ठेवायचा तर मुळीच नाही. आत बाष्प धरतं. वीज तोडा आणि डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्या. आणि डिस्क धडधाकट असेल, तर आजच दुसरी प्रत काढा.