उसनं पुस्तक

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात कपाटांना कुलपं असायची. यादीतून क्रमांक सांगायचा, नाहीतर टेबलामागचे काका देतील ते मुकाट घ्यायचं. मी काकांवर सोडून दिलं होतं. पुस्तक परत करताना ‘आवडलं का?’ असं ते कधी विचारत नसत. ‘कुठवर आलीस?’ एवढंच. मध्येच अडकले म्हटलं, की कपाळाला आठी न घालता दुसरं काढून द्यायचे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, मग पाठीला चिकटपट्टी लावलेले बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय, मग नारायण धारप, हा क्रम त्यांनीच लावला. पोरीला काहीतरी चांगलं द्या, असं आईने एकदा सुनावलं. काका म्हणाले, ‘‘वहिनी, आधी चटक तर लागू द्या.’’

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारलेला कागद चिकटवलेला असे. तो वाचायला मी तिथेच शिकले. शिक्के तीन-चार दिवसांच्या अंतराने पडलेले असले, की पुस्तक डोळे झाकून घ्यावं. लोकांनी ते संपवल्याशिवाय खाली ठेवलेलं नाही. दोन शिक्क्यांमध्ये वर्ष-दोन वर्षं गेली असली, तर ग्रंथ थोर असेल, पण नवख्याचं ते काम नव्हे. आता बारकोड आले आणि तो कागद गेला. परीक्षणांपेक्षा माझा त्याच्यावर जास्त भरवसा होता.

हॉस्टेलवर नेमाड्यांची ‘कोसला’ या हातातून त्या हातात फिरायची. 1963 सालची ही कादंबरी ज्याला भिडते त्याला जन्मभर सोडत नाही, हे खरं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कादंबरी उघडणाऱ्याला वाटतं, यात काही घडतच कसं नाही? माझ्या खोलीतली मैत्रीण अभ्यासाबाहेरचं अक्षर न वाचणारी. तिला धरलं ते सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ने. कट्टा, मित्र, प्रेमाचे घोळ, सगळं तिच्या रोजच्या पाहण्यातलं. मेस बंद झाली तरी बाई कॉटवरून हलली नाही. शिरवळकरांचं नाव काढलं की नाक मुरडणारे तेव्हाही होते. मुरडोत बापडे. अर्नाळकर, धारप, शिरवळकर या मंडळींनी मराठीला वाचक दिले, आणि पुढे त्यांतलेच काही जी. ए. कुलकर्णींपर्यंत पोचले.

पुढे माझंच कपाट भरलं आणि लोक मला विचारू लागले. विचारणारा बहुधा ‘चांगलं काहीतरी सुचवा’ म्हणतो. त्यावर मी त्याला आवडती पुस्तकं विचारत नाही, कारण ती नसतातच. टीव्हीवर काय बघता, गप्पांत कुठला विषय निघाला की खुर्ची पुढे ओढता, हे विचारते.

आमच्या खालच्या मजल्यावर अण्णा राहतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. निरोप समारंभात त्यांना ‘मृत्युंजय’ मिळाली होती. ती शोकेसमध्ये गणपतीशेजारी उभी होती. ‘मृत्युंजय’पासूनच वाचायला लागलेले लोक मी पाहिले आहेत, पण शोकेसची काच न ओलांडलेल्या प्रती त्याहून जास्त पाहिल्या आहेत. दुपार जात नाही, अशी अण्णांची तक्रार. त्यांना आधी मिरासदारांच्या आणि शंकर पाटलांच्या कथा दिल्या. एका बैठकीला एक गोष्ट, हिशेब सोपा. काकूंना मोठ्याने वाचून दाखवताना त्यांचा आवाज वर आमच्यापर्यंत यायचा, मधूनच हसून खोकला लागायचा. मग व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दिली. 1955 सालची, लहानशी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो आणि शेवटी दुष्काळ ती वाडी उठवतो. अण्णांनी अर्धी नोकरी आटपाडीच्या बाजूला काढलेली. चौथ्या दिवशी दारात उभे राहून म्हणाले, ‘‘ताई, ह्या माणसांना मी तिकिटं फाडून दिलीत.’’

भाचीची अडचण वेगळी. इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी वाचताना दर ओळीला ठेचकाळणारी. ‘तुंबाड’ सिनेमा तिने दोनदा पाहिला होता. त्याची प्रेरणा धारपांच्या कथेत आहे म्हटल्यावर कान टवकारले. धारप आणि मतकरींच्या गूढकथा आधी ऑडिओवर ऐकल्या. मग मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ हातात घेतली. आणीबाणीतला नववीचा वर्ग, आणि सांगणारा नववीतलाच मुकुंद. त्यामुळे वाक्यं बोलल्यासारखी, शब्द अडत नाहीत. ‘‘मावशी, हे असं मराठी असतं होय?’’ म्हणाली. तिने पुढे काय वाचावं हे मी सांगितलेलं नाही, तिनेही विचारलेलं नाही.

तेव्हा कुणी विचारलं तर पंचवीस पुस्तकांची यादी पाठवू नका. एक निवडा, आणि भेट देऊ नका, उसनं द्या. पंधरा दिवसांनी परत मागा. न वाचता परत आलं, तर कुठवर आलात एवढंच विचारा आणि दुसरं द्या. एखादी प्रत बुडेल, ती धरून चाला. माझी ‘बनगरवाडी’ सध्या अण्णांच्या मेव्हण्याकडे विट्याला आहे. नवी घ्यावी लागणार.