शाल-श्रीफळ आणि प्रश्नांची वेळ

धामणगाव रेल्वेत सेवाभावी क्लबांच्या सभांना मी बरीच वर्षं बसत आलो आहे. नगराध्यक्ष पाहुणे असले की कार्यक्रम कसा चालतो, ते आता तोंडपाठ झालं आहे. दीपप्रज्वलन, परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविकात पाहुण्यांच्या कार्याचा गौरव आणि मग पाहुण्यांचं मनोगत. त्यात मंजूर झालेला निधी असतो, प्रस्तावित रस्ते असतात, क्लबच्या रक्तदान शिबिराचं तोंडभरून कौतुक असतं. आभारप्रदर्शन संपता संपता उशीर झालेला असतो, नाश्ता मांडून तयार असतो आणि प्रश्नोत्तरं राहून जातात. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. तरी दरवेळी जे राहून जातं तेच या सभेतलं सगळ्यात मोलाचं, असं माझं मत झालं आहे. शहर जितकं लहान, तितकं हे नुकसान मोठं.

कारण लहान शहरात कारभाऱ्याला समोरासमोर विचारायची दुसरी जागा जवळपास नाही. आमच्याच तालुक्यातल्या खेड्यात ग्रामसभा असते. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने ती सक्तीची केली आहे. ती कशी भरते, किती जण येतात आणि किती जण नुसती सही करून जातात, हा वेगळा विषय. पण सरपंचाला उभं राहून विचारायचा हक्क तिथे कागदावर तरी पक्का आहे. गाव नगरपरिषदेत गेलं की हा हक्क पातळ होतो. सर्वसाधारण सभेत बोलायचा अधिकार नगरसेवकांचा. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून शहरांना घटनेत स्थान दिलं, पण प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. धामणगाव त्या आकड्याच्या जवळपासही नाही. क्षेत्रसभेची कल्पना राज्यात आली खरी, पण आमच्यासारख्या गावांत रुजली नाही. म्हणजे 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत गेल्यावर वाढलेली आणि यवतमाळचं स्टेशन म्हणून वर्षानुवर्षं ओळखली गेलेली ही बाजारपेठ कारभाराच्या बाबतीत शेजारच्या खेड्याहून मुकी आहे. त्यातच 2016 च्या निवडणुकीतून आलेल्या नगरपरिषदांची मुदत संपल्यावर, आरक्षणाच्या वादात, राज्यभर सुमारे चार वर्षं प्रशासकांचा कारभार चालला. मतदान झालं ते डिसेंबर 2025 मध्ये. इतक्या काळानंतर लोकांनी थेट निवडलेला नगराध्यक्ष क्लबच्या व्यासपीठावर येत असेल, तर त्याला नारळ देऊन परत पाठवणं म्हणजे हाती आलेली संधी वाया घालवणं आहे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: आपला क्लब अराजकीय आहे, राजकारण नको. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच संस्थांचे उद्देश एकदा वाचावेत. लायन्स चळवळीच्या उद्देशांत सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींवर खुल्या चर्चेचं व्यासपीठ देणं स्पष्ट लिहिलेलं आहे. वर्ज्य केलं आहे ते पक्षीय राजकारण आणि सांप्रदायिक धर्मवाद. रोटरीच्या चार प्रश्नांच्या कसोटीतला पहिलाच प्रश्न सत्याबद्दल आहे. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, हे विचारण्यात कुठला पक्ष आला? उलट फक्त सत्कार करणारी सभाच जास्त पक्षीय असते, कारण तिचा फोटो उद्या प्रचाराला कामी येतो.

दुसरा आक्षेप आतिथ्याचा. घरी बोलावून पाहुण्याला अडचणीत कसं आणायचं? वऱ्हाडातल्या माणसाला हे खरंच जड जातं. पण गाडगेबाबा याच जिल्ह्यातले. त्यांचं कीर्तन श्रोत्यांना प्रश्न विचारत पुढे सरकायचं, आणि त्यात कोणाला अपमान वाटला नाही. शिवाय प्रश्न आठ दिवस आधी लेखी कळवले तर अडचणीचा मुद्दाच उरत नाही. तयारीने आलेला पाहुणा उत्तर देऊ शकतो. न देऊ शकला, तर तेही गावाला कळतं.

तिसरा आक्षेप जाणकारांचा: नगराध्यक्षाच्या हातात असतं काय? अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे आणि त्याची नेमणूक राज्य सरकारकडून. यात तथ्य आहे. मग दोघांनाही एकाच व्यासपीठावर बोलवा. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय तेवढी कमी होईल. प्रश्नही मोघम नकोत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात आमच्यासारख्या शहरांच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेशी बांधून टाकला होता. लेखापरीक्षित हिशेब लोकांना ऑनलाइन पाहता यावेत, ही अट अनुदानाला जोडलेली होती. तो हिशेब छापून सभेत वाटायला क्लबला कितीसा खर्च येतो? त्यातला पाण्याचा पैसा कुठे गेला, कचऱ्याचा कुठे, कोणतं काम अर्धवट आहे आणि का, एवढं विचारलं तरी तासभर पुरेल. ‘शहराच्या विकासाबद्दल आपलं व्हिजन काय’ असल्या प्रश्नाला भाषणच मिळतं.

सगळ्यात खरा आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो क्लबच्या सभासदांकडून कधीच येत नाही. आम्ही व्यापारी, डॉक्टर, वकील, प्राध्यापक; गावाच्या वतीने विचारणारे आम्ही कोण? आमच्या गल्लीत रस्ता झालेला असतो. ज्यांच्या दारात नाली तुंबते, त्या बाया सभागृहात नसतात, आणि सफाई कामगारही नसतात. आमचे प्रश्न पार्किंगचे आणि बगीच्याचे असणार, हा धोका मी नाकारत नाही. पण त्यावर उपाय गप्प बसणं हा नव्हे. सभा हॉटेलच्या हॉलऐवजी एखाद्या शाळेत घ्यावी, दार सगळ्यांना उघडं ठेवावं, बचत गटांना आणि वॉर्डावॉर्डांतल्या लोकांना आमंत्रण द्यावं, चिठ्ठीवर आलेले प्रश्नही वाचून दाखवावेत. क्लबने गावाचा प्रतिनिधी व्हायची गरज नाही. जागा, माईक आणि वेळ सांभाळला तरी पुष्कळ झालं. काही सभासदांना ती गर्दी आवडणार नाही. नाही आवडली तर नाही.

आणखी एक काम, सगळ्यात दुर्लक्षित. दिलेल्या उत्तरांचं टिपण ठेवायचं आणि सहा महिन्यांनी त्याच पाहुण्यांना तेच टिपण घेऊन पुन्हा बोलवायचं. क्लबचा अध्यक्ष दर जुलैत बदलतो, त्यामुळे हे काम सचिवाच्या वहीत गेलं पाहिजे, माणसाच्या आठवणीवर सोडता कामा नये. आमच्या गावातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या क्लबांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच: पुढची पत्रिका छापताना पाहुण्यांच्या भाषणाला 20 मिनिटं आणि प्रश्नांना 40 मिनिटं असं त्यातच छापा, आणि सत्कार शेवटी ठेवा.