काढ्याचं विचारलं म्हणून

एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेत एका मुलीला लाँग केस मिळाली ती काविळीची. पन्नाशीची बाई, डोळे पिवळेधमक. दारू नाही, कधी रक्त चढवलेलं नाही, औषधगोळी काही नाही. तरी मुलीनं आणखी एक विचारलं, "मावशी, घरचं काही घेता का? काढा, चूर्ण?" बाई सहज म्हणाल्या, "गुळवेलीचा काढा ना, तो करोनापासून रोजचाच आहे."

केस मांडताना तिनं हे सांगितलं आणि बाहेरून आलेले परीक्षक कडाडले, "डॉक्टर व्हायचंय की वैदू? खोडा ते." तिनं खरंच खोडलं. पुढचा प्रश्न आला: यकृताला इजा करणारी औषधं सांगा. पॅरासिटामॉल, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, मेथोट्रेक्सेट... तिनं घडाघडा नावं सांगितली, परीक्षकांनी मान डोलावली. समोरच्या रुग्णाच्या पोटात रोज जाणारी एकमेव वस्तू मात्र केसपेपरवर खोडलेली. दुसरा परीक्षक मी होतो. मी हरकत घेतली, वाद झाला, तिचे गुण राखले गेले. पण मुलीचा चेहरा उतरला तो उतरलाच. हुशार विद्यार्थी अशा प्रसंगातून एवढंच उचलतो, की हा प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

गुळवेल तर मुंबईच्या वैद्यकाला परकी नाहीच. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवर अभ्यास केला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून, गुळवेल दिली होती. शस्त्रक्रियेनंतर त्या गटातले सुमारे ९२ टक्के रुग्ण वाचले, दुसऱ्यातले ४० टक्के. अभ्यास छोटा होता, पण तो वॉर्डात, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेला होता.

पुढे करोना आला आणि घरोघरी गुळवेल उकळू लागली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा झालेल्या अवस्थेत दिसले. त्यांचा निबंध २०२१ मध्ये छापून आला. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही. ती गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, नसून टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. मग देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. संशोधकांचा संशय असा, की प्रतिकारशक्ती चेतवण्याचा गुळवेलीचा गुणच काहींच्या बाबतीत यकृतावर उलटतो. म्हणजे १९९३ मध्ये ज्या गुणाचा फायदा दिसला, तोच!

१९९३ चा आणि २०२१ चा, हे दोन्ही निबंध एकाच तासाला, शेजारी शेजारी ठेवून शिकवायला हवेत. औषधशास्त्राचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समध्ये आयुष पद्धतींची ओळख आहे. पाहुणे येतात, परंपरेचा गौरव होतो, शाल-श्रीफळ होतं, मुलं टाळ्या वाजवतात. मात्रा किती, कुठल्या गोळीबरोबर घेऊ नये, भस्मात शिसं किंवा पारा असला तर काय, याबद्दल अवाक्षर नाही. अशी दोन-तीन व्याख्यानं ऐकल्यावर त्या परीक्षकांची चीड मला थोडी समजू लागली. दार उघडलं की आत जाहिरात शिरते, ही त्यांची धास्ती अगदीच खोटी नाही. आता तर वाटतं, आयुषचा स्वतंत्र विषय नकोच. नाहीतर गाइडं निघतील आणि पाठांतर सुरू होईल. यकृत शिकवताना गुळवेल यावी, रक्तदाब शिकवताना सर्पगंधा यावी. सर्पगंधेवरचा डॉ. रुस्तम वकील यांचा १९४९ चा निबंध मुंबईतलाच आहे.

त्यासाठी एक माणूस मात्र बाहेरून आणावा लागेल. कॉर्डिफोलिया आणि क्रिस्पा यांची पानं सारखी दिसतात. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. हे हातात वेल धरून दाखवणारा शिक्षक आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागात मिळतो. त्यांना व्यासपीठावर बसवू नये. वेल घेऊन थेट वॉर्डात बोलवावं आणि तासाचं मानधन द्यावं.