नागदेवीच्या गल्लीत करवत घेताना

मुंबईला गेलो की राणीचा बाग आणि चौपाटी पाहून आपण परततो. पण घरच्या सुतारकामासाठी टेबल करवत घ्यायचा विचार असेल, तर पुढच्या खेपेस थोडी वाकडी वाट करून नागदेवी स्ट्रीट गाठा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून क्रॉफर्ड मार्केट ओलांडून पायी जाता येते. लोकलचे मशीद स्टेशन त्याहून जवळ. रविवार मात्र टाळा.

गल्ली अरुंद. हातगाड्या, ओझी वाहणारे हमाल, आणि दोन्ही अंगांना हत्यारांची दुकाने. पहिल्याच दुकानात पैसे मोजू नका. चार दुकाने हिंडा, चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न विजेचा. शेतीपंपाची तीन फेज वीज ठरावीक तासच असते आणि ती पंपासाठीच असते. घरात बहुधा सिंगल फेज. तेव्हा २३० व्होल्टची सिंगल फेज मोटरच मागा. कार्बन ब्रशची मोटर हलकी आणि स्वस्त, पण आवाज फार. इंडक्शन मोटर जड, महाग, पण शांत आणि टिकाऊ. अधूनमधून कामासाठी पहिली पुरते.

दुसरा प्रश्न पात्याचा. १० इंची पाते सुमारे ३ इंच जाडीची फळी कापते. मधुपेटी, कोंबड्यांचे खुराडे, खिडकीची चौकट यांना तेवढे पुष्कळ. ओंडके चिरायचे काम सॉ मिलचे; ते या यंत्राकडून करून घेऊ नका. फळी उभी चिरायला २४ दातांचे पाते, प्लायवूडला ६० दातांचे. एकच घ्यायचे तर ४० दातांचे घ्या.

तिसरा प्रश्न विचारायचा नाही, मोजायचा. प्लग काढून ठेवा. पात्याच्या एका दाताला खडूची खूण करा. तो दात पुढे असताना बाजूच्या गाईडपट्टीपासूनचे अंतर मोजा. मग पाते फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही अंतरे सारखी हवीत. फरक असेल आणि तो दुकानदाराला जागेवर काढता येत नसेल, तर पुढचे दुकान पाहा. वाकड्या पट्टीवर लाकूड अडकते.

चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. पात्यावर झाकण आणि पात्यामागे उभी पोलादी पट्टी आहे ना? चिरलेले लाकूड मिटू लागले की पाते आवळते, आणि मागचे दात फळी उचलून माणसाच्या अंगावर फेकतात. ती पट्टी चीर मिटू देत नाही. प्लायवूडखाली हातकटर उलटा बांधून केलेले टेबल स्वस्त पडते खरे. पण बहुधा त्याला ना झाकण असते, ना पट्टी.

घरी आणल्यावर शेवटची वीतभर फळी हाताने नव्हे, काठीने पुढे सारा. हातमोजे, गमछा, सैल बाही दूर ठेवा. जुन्या लाकडातले खिळे आधी उपटा. याच बोटांनी धार काढायची आहे, कलम बांधायचे आहे. यंत्रात पैसे वाचवायचे तर रंगात, चकाकीत वाचवा. झाकणात आणि पट्टीत नको.