दोन नंबरचा सिलिंडर

‘गाडी मिसिंग करतेय.’ एवढंच वाक्य कुठल्याही गॅरेजात जाऊन म्हणून बघा. कुणी प्लग बदलेल, कुणी कार्बोरेटर साफ करेल, कुणी पेट्रोलचा फिल्टर टाकेल आणि चौथा सरळ म्हणेल, ‘ताई, विकून टाका आता हिला!’ आमच्या नानांची १९९८ ची, एमएच १७ पासिंगची मारुती ८०० या सगळ्या दिव्यांतून गेलेली. दर वेळी बिल भरायचं, आठ-पंधरा दिवस गाडी मस्त पळायची आणि मग एके दिवशी चंदनापुरी घाटात पुन्हा तेच गचके. मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न आणि शेजारच्या सीटवर आईची रामरक्षा.

संगमनेरहून घारगावला जायचं तर हा घाट चढावाच लागतो. तिथे माझी आजी राहते, त्यामुळे नाना-आईची दर रविवारची फेरी ठरलेली. पुण्याहून मी आणि नाशिकहून दादा, दोघांचाही फोनवर एकच धोशा : ‘नाना, काढून टाका ना गाडी!’ नाना गप्प. एकाहत्तराव्या वर्षी काही ते नवी गाडी घेणार नव्हते. ही गेली की त्यांचं ड्रायव्हिंगच संपणार, मग आजीकडे जायलाही कुणाची तरी वाट बघायची. खरा प्रश्न तो होता.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. एखादा बग ‘कधीकधी’ येतो असं कुणी म्हटलं की आम्ही आधी विचारतो, नेमका कधी? गेल्या पावसाळ्यात घरी गेले तेव्हा नानांनाही तेच विचारलं. त्यांनी शांतपणे खिशातली डायरी काढली. पेट्रोल किती भरलं, किलोमीटर किती झाले आणि खाली प्रत्येक गचक्याची तारीख! बहुतेक सगळे दिवस पावसाचे, आणि जागा चढाची. म्हणजे रिपेअरिंगनंतर गाडी ‘बरी’ व्हायची, ती मधल्या उघडिपीमुळे. ही डायरी आजवर एकाही गॅरेजात कुणी मागितली नव्हती.

डायरी घेऊन आम्ही अकोले नाक्याजवळच्या एका जुन्या फिटरकाकांकडे गेलो. त्यांनी काहीही बदललं नाही. इंजिन चालू ठेवलं, हातमोजे घातले आणि इन्सुलेटेड पकडीनं एकेका प्लगची वायर काढून पुन्हा लावली. एक नंबरची काढली, इंजिन थरथरलं. तीन नंबरची काढली, तसंच. दोन नंबरची काढली तर काहीच फरक नाही! म्हणजे तो सिलिंडर आधीच झोपलेला. ‘पेट्रोलच खराब येतंय हो, त्यात इथेनॉल,’ शेजारी उभ्या असलेल्या एकानं मत दिलं. आमच्या उसाच्या पट्ट्यात हे बोलायलाही धाडस लागतं! काका हसले. ‘कार्बोरेटर एकच आहे. पेट्रोल खराब असतं तर तिघांनाही बाधलं असतं.’ (जुन्या गाडीचे रबरी पाइप मात्र २० टक्के इथेनॉलचा विचार करून बनलेले नसतात, म्हणून तेही तपासून घेतले.)

मग इंजिन बंद करून एक आणि दोनच्या प्लगची अदलाबदल केली. दोष दोनमध्येच राहिला, म्हणजे प्लग निर्दोष. नंतर वायरींची अदलाबदल केली. आता एक नंबर झोपला! चोर वायरीत होता.

संध्याकाळी अंधारात काकांनी त्या वायरीवर स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मारला आणि वायरीतून इंजिनच्या पत्र्यावर निळ्या ठिणग्या उडायला लागल्या. सत्तावीस वर्षांच्या उष्णतेनं रबराला केसाएवढी चीर पडली होती. या वायरीतून हजारो व्होल्टचा करंट जातो. घाटात अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, तिथे ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. मग करंट प्लगपर्यंत जायचं सोडून ओल्या चिरेतूनच पळ काढतो. गावातल्या सपाट रस्त्यावर मात्र सगळं आलबेल. नव्या गाडीत स्कॅनर लावला असता तर ‘पी०३०२’ असा कोड दिसला असता, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसफायर. पण तो का, हे तिथेही असंच एकेक करून शोधावं लागतं.

दोन पिझ्झांच्या पैशांत वायरींचा अख्खा सेट आला. पुढचा महिनाभर धो धो पावसातही घाटात एकदाही गचका नाही. उन्हात तपासून खूश व्हायचं नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं.

गाडी काही अमर नाही. २०२८ मध्ये रजिस्ट्रेशन पुन्हा रिन्यू करायचंय आणि २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये झालीय. तेव्हा ब्रेक, पत्रा आणि नानांचे डोळे, सगळं नीट तपासून काय ते ठरवू. ‘माझ्या डोळ्यांचं मी बघतो,’ असं म्हणत नानांनी डायरीत चष्म्याच्या तपासणीची तारीखही लिहून टाकलीय.