पाळीतले सोबती
बऱ्याच वर्षांनी अंबरनाथला आलो. एमआयडीसीत एकाच पाळीत राबलेले आम्ही मित्र वालधुनीकाठी, इ.स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिरापाशी भेटलो. विम्को कंपनीची काडेपेटी आता इथं बनत नाही. गावात उंच इमारती उभ्या राहिल्या. आमच्या नोकऱ्या सुटल्या, कुणी बदलापुरात, कुणी उल्हासनगरात स्थिरावलं. पण रात्रपाळीत वाटून खाल्लेला डबा आणि एकाचा हात यंत्रात सापडला तेव्हा रक्त द्यायला धावलेली अख्खी पाळी कुणीच विसरलेलं नाही. कारखाना पगार देतो. अडीनडीला उभे राहतात ते सोबती. तुमचेही असे सोबती असतील, तर फोनवर भागवू नका. या रविवारी जाऊन त्यांना भेटा.